दर मे महिन्यात गळणारा गच्चीवरचा पाइप

नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला की आमच्या गच्चीवरच्या सीपीव्हीसी (प्लॅस्टिकच्या) पाइपचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, हमखास गळायचा. प्लंबर नवा चिकटवून जायचा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

काढलेला एल्बो नीट पाहिला. आतल्या कोपऱ्यात केसाएवढी चीर! सीपीव्हीसी लोखंडाच्या साधारण पाचपट प्रसरण पावतं: मीटरमागे, दर अंशाला सुमारे ०.०६ मिलिमीटर. थंडीच्या पहाटे १० अंशांवर असलेला पाइप मेच्या उन्हात ६० पर्यंत तापला, तर ६ मीटरच्या सरळ लांबीला जवळजवळ दोन सेंटिमीटर जागा लागते. आमचा दोन्हीकडे क्लॅम्पने आवळलेला, म्हणजे सगळा जोर एल्बोवर.

मधोमध चार एल्बो घालून चौकोनी वळसा दिला. मधले क्लॅम्प पाइप सरकेल इतके सैल केले. वरून पांढरा वॉटर-बेस्ड रंग मारला; ऑइल पेंट नकोच, त्यातल्या सॉल्व्हंटने हे प्लॅस्टिक कमजोर होऊ शकतं. यंदा अख्खा नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) गेला, एक थेंब गळला नाही.

आणि हो, जोडणी पहाटेच करा. दुपारच्या उन्हात पाइप आत बसायच्या आधीच सॉल्व्हंट सिमेंट (जोड चिकटवायचा द्रव) सुकतं.