इंग्लंडमध्ये पार्किंगच्या दंडाविरुद्ध दाद कशी मागावी

गाडीच्या काचेवर दंडाची नोटीस दिसली आणि १४ दिवसांत भरल्यास रक्कम निम्मी होते हे वाचले, की इंग्लंडमधील आपली मराठी मंडळी बहुधा पैसे भरून मोकळी होतात. चूक आपली असेल तर तेच योग्य आहे. परंतु नसेल तर भरू नयेत, कारण पैसे भरताच प्रकरण मिटते.

प्रथम नोटिशीचे शीर्षक नीट वाचावे. ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ कौन्सिलची असते, तर ‘पार्किंग चार्ज नोटीस’ खासगी कंपनीची. लघुरूप दोन्हींचे पीसीएनच असले तरी दाद मागण्याचे मार्ग वेगळे आहेत. येथे कौन्सिलच्या नोटिशीचाच विचार केला आहे.

गाडी हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. पाटी फांदीआड गेली असेल, तर चालकाला ती जिथून दिसायला हवी तिथून एक आणि जवळून एक, अशी दोन तरी हवीत. पार्किंगचे तिकीट जपून ठेवावे, कारण पैसे भरलेली वेळ संपल्यावर कायद्याने १० मिनिटांची मुभा आहे. तिकीट दोन वाजता संपले आणि नोटीस दोन वाजून नऊ मिनिटांनी लागली, तर ती टिकत नाही.

काचेवरील नोटिशीला १४ दिवसांत लेखी हरकत घ्यावी; ती फेटाळली तरी कौन्सिल बहुधा निम्म्या रकमेची संधी पुन्हा देते. त्यानंतर गाडीच्या नोंदणीकृत मालकाला ‘नोटीस टू ओनर’ येते. तिला २८ दिवसांत रीतसर उत्तर द्यावे. कौन्सिलने ५६ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर दंड रद्द होतो.

नकाराचे पत्र आल्यास पुढील २८ दिवसांत, लंडनमधील दंडासाठी लंडन ट्रिब्युनल्सकडे आणि लंडनबाहेरील दंडासाठी ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनलकडे विनाशुल्क अपील करता येते. मात्र येथे हरल्यास सहसा पूर्ण रक्कम भरावी लागते, म्हणून पुरावा किती भक्कम आहे हे आधीच तपासावे. निवाडा करणारे ॲडज्युडिकेटर हे कौन्सिलशी बांधील नसलेले कायदेतज्ज्ञ असतात आणि नियमभंग कायद्याने सिद्ध होतो का, हे ते पाहतात. त्यामुळे आपली अडचण सविस्तर सांगण्यापेक्षा पाटी, वेळ आणि तारखा यांवरच भर द्यावा. कौन्सिलने सादर केलेला पुरावा आपल्यालाही मिळतो. त्यातील प्रत्येक छायाचित्रावरील वेळ आपल्या तिकिटाशी ताडून पाहावी.

अपील फेटाळले गेल्यास रक्कम २८ दिवसांत भरावी, अन्यथा ती निम्म्याने वाढते.