बेसवर आधी तार बंद करायला शिका

डोंबिवलीहून दादरला येताना लेडीज डब्यात खांद्यावर लांबलचक काळी बॅग घेऊन चढलं की प्रश्न ठरलेला: "सतार का गं?" नाही म्हटलं की "मग गिटार." बेस गिटार म्हणून सांगितलं की चौथ्या सीटवर टेकलेली बाई सरकून जागा देता देता विचारते, "म्हणजे त्यात वेगळं काय?" तबल्यात डग्गा असतो ना, तसं, असं मी सांगते. तेवढ्यावर बहुतेकींचं समाधान होतं. आणि आठ वर्षं वाजवल्यावर मला वाटतं, हे उत्तर तितकंसं वरवरचंही नाही.

बेस हातात घेतला तेव्हा मी 31 वर्षांची होते. संगीताची आधीची शिदोरी म्हणजे शाळेत असताना दिलेल्या पेटीच्या दोन परीक्षा. आज नोकरी सांभाळून एका छोट्या ऑर्केस्ट्रात वाजवते: गणपती, कोजागिरी, लग्नाची रिसेप्शनं. फार मोठी वादक नाही. पण सुरुवातीला मी ज्या ज्या खड्ड्यांत पडले ते सगळे अजून लक्षात आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

माझे गुरू म्हणजे माहीमचे एक अंकल. घराणं मूळ गोव्याचं, तरुणपणी फिल्मी रेकॉर्डिंगच्या ऑर्केस्ट्रात वाजवलेलं. पहिल्या दिवशी मी व्हिडिओ बघून बसवलेला एक तुकडा त्यांना मोठ्या ऐटीत ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, मग उठून माझ्या चारही तारांवर तळहात ठेवला. खोली एकदम शांत झाली. इतका वेळ काहीतरी घुमत होतं हे मला तेव्हा कळलं. "बाय, वाजवलास चांगला," ते म्हणाले, "पण बंद कुठे केलास?"

तबला शिकलेल्यांना खुले बोल आणि बंद बोल वेगळे समजवावे लागत नाहीत. बेसचं तेच आहे. जाडीकडून बारीककडे चार तारा ई, ए, डी, जी. सर्वांत जाड ई तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. इतका खालचा सूर दोन ठोक्यांपलीकडे रेंगाळला की पुढच्या सुरावर चढतो आणि सगळं गढूळ होतं. शिवाय तुम्ही डी तार वाजवत असताना शेजारच्या ई आणि ए तारा आपोआप गुणगुणायला लागतात. घरी एकट्याने वाजवताना ते छान भरलेलं वाटतं. ड्रम आणि कीबोर्ड आले की त्याचा नुसता चिखल.

उपाय बोटांतच आहे. उजव्या हाताचा अंगठा एका जागी खिळवून ठेवू नका. ई वाजवताना तो पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या पट्टीवर, टेकवा. ए वाजवायची असेल तेव्हा ई तारेवर आणा. डी वाजवताना ई-ए दोन्हींवर आडवा पडू द्या. तुम्ही बारीक तारांकडे सरकाल तसा तो मागोमाग सरकत राहील. उरलेल्या बारीक तारा डाव्या हाताच्या बोटांच्या पोटाने हलक्याच दाबून ठेवायच्या. सूर थांबवायचा झाला तर डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा. पूर्ण उचललंत तर मोकळी तार बोंबलते. अंकलनी मला पहिला महिनाभर एकच काम दिलं: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर, एक ठोका सूर, एक ठोका शांतता. शांतता म्हणजे खरी शांतता. आठवड्याभरात मी इतकी वैतागले की विचारू नका. पण माझ्या वाजवण्यात ऐकण्यासारखं जे काही आहे ते त्या महिन्याचं.

उजव्या हाताला तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून चालवा. तार वर उपटायची नाही. बोट तारेवरून आडवं सरकून पुढच्या तारेवर जाऊन टेकलं पाहिजे. बारीक तारेवरून जाड तारेकडे उतरताना मात्र तेच बोट ओढत न्या, तिथे आलटून पालटून करण्याचा हट्ट नको. आणि हे सगळे नियम नवशिक्यांसाठी आहेत हेही सांगून ठेवते. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची कितीतरी गाणी ज्यांच्या बेसवर उभी आहेत ते जेम्स जेमरसन एकट्या तर्जनीने वाजवायचे.

बेसवादक मोहिनी डेला बघून आलेली मुलं पहिल्याच दिवशी स्लॅप, म्हणजे तारेवर अंगठा आपटून वाजवायची पद्धत, मागतात. स्लॅप जन्माला कशी आली ते आधी ऐका. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवायचे, आई पियानोवर, आणि त्यांच्याकडे ड्रमर उरला नव्हता. म्हणून अंगठ्याने तारेवर ठोका मारून बास ड्रमची आणि बोटाने तार खेचून स्नेअर ड्रमची जागा ते भरून काढायला लागले. म्हणजे ही मुळात तालाची सोय होती. एक ठोका सूर, एक ठोका शांतता जमत नसेल तर स्लॅप म्हणजे भांडी पडल्याचा आवाज. वर्षभर थांबा.

आता डावा हात. "बायकांचे हात लहान, बेस कसा जमणार" हे मी दुकानात ऐकलंय, रिहर्सलला ऐकलंय, सासरीही ऐकलंय. फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. नेहमीच्या 34 इंची (तारेची लांबी) बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत साधारण 13 सेंटिमीटर होतात. तिथे चार फ्रेटांवर चार बोटं ताणून ठेवायचा प्रयत्न पुरुषांनाही नडतो. मी दोन महिने ताणली आणि मनगट इतकं दुखायला लागलं की कुकरचं झाकण उघडेना. मग अंकलनी डबल बेसवाल्यांची (उभ्या धरायच्या, व्हायोलिनसारख्या मोठ्या बेसची) रीत दाखवली. खालच्या भागात तीनच फ्रेट धरायचे. तर्जनी पहिल्यावर, मधलं दुसऱ्यावर, अनामिका आणि करंगळी दोघी मिळून तिसऱ्यावर. अंतर एकदम 9 सेंटिमीटरवर येतं. चौथा फ्रेट लागलाच तर अख्खा हात सरकवा, त्याला कुणी दंड लावत नाही. बाराव्याच्या पुढे फ्रेट निम्म्या अंतराचे होतात, तिथे चार बोटं खुशाल वापरा. बसून आणि उभ्याने वाजवताना बेस एकाच उंचीवर राहील असा पट्टा बांधा. गुडघ्यापर्यंत लोंबकळणारा बेस फोटोत छान दिसतो, मनगटाची मात्र वाट लावतो.

खरेदीत मी पहिलाच फटका खाल्ला. ऑनलाइन जाहिरात बघून नवी मुंबईतल्या एकाकडून 9 हजारांना जुना बेस आणला. चकाकत होता, सोबत बॅग फुकट. घरी आणल्यावर पाचव्या फ्रेटच्या पुढे तारा इतक्या उंच की दाबताना नखं पांढरी पडत. दुरुस्तीवाल्याने नेक, म्हणजे बेसची मान, डोळ्यासमोर धरली, सुतार फळी बघतो तशी एक डोळा मिटून, आणि म्हणाला, "मॅडम, ही केळ्यासारखी झालीय. आतला रॉड आधीच शेवटपर्यंत पिळलेला आहे." नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, तारांच्या ओढीला तीच तोलून धरते. ती संपली की नेक संपली. 9 हजार गेले, बॅग तेवढी अजून वापरते.

म्हणून जुना बेस घ्यायला जाताना सोबत एक केबल न्या आणि दुकानाचा अ‍ॅम्प किंवा निदान हेडफोन अ‍ॅम्प तरी लावून बघा. नेक तशी डोळ्यासमोर धरून बघा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, न लाजता, विकणारा कितीही सुस्कारे सोडो. बटणं फिरवताना खरखर आली तर ती बहुधा साफसफाईने जाते, त्यावर भाव पाडता येतो. ट्रस रॉड पिळायचा नट झिजून गोल झाला असेल तर चहा पिऊन निघून या.

नवा घेत असाल तर यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, स्क्वायर यांच्या सुरुवातीच्या मॉडेलांपैकी कोणताही चालेल, यावर रात्र रात्र वाद घालू नका. धोबी तलावला फुर्टाडोसमध्ये जाऊन हातात घ्या, गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभ्या राहा, खांद्याला काय म्हणायचंय ते ऐका. अमेरिकेतल्या लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्याने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. फ्रेट असल्यामुळे सूर अचूक लागतो, म्हणून ते नाव. फेंडरच्याच 1960 सालच्या जॅझ बेसची नेक वरच्या टोकाला, तारा टेकतात त्या पट्टीजवळ, सुमारे 38 मिलिमीटर, म्हणजे जरा निमुळती, म्हणून माझ्यासारखीच्या हाताला तो बरा पडतो. आजचे बहुतेक स्वस्त बेस या दोघांचीच नातवंडं.

पैसे खरे कुठे घालायचे, तर सेटअपवर, म्हणजे नेक आणि तारांची उंची नीट जुळवून घेण्यावर. नवा बेससुद्धा दुकानातून आला तसा वाजवू नका. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. कमी असेल तर खर्र होतं, जास्त असेल तर बोटं सोलतात. पावसाळ्यात माझी नेक पुढे झुकते आणि तारा वर येतात, दिवाळीनंतर पुन्हा जागेवर. रॉड स्वतः फिरवायचा असेल तर पाव फेऱ्याहून जास्त एका दिवसात नको. आधी एकदा कुणा जाणत्यासमोर करा. वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने तारा पुसा, जुलैत गंज धरायला आठवडा पुरतो.

दुसरा खर्च कानांवर. फोनच्या स्पीकरवर बेस ऐकून "काहीच वाजत नाही" म्हणणारे खूप भेटतात. ई तारेचा तो सेकंदाला 41 कंपांचा सूर (41 हर्ट्झ) तिथून येतच नाही, वरचे वरचे स्वर तेवढे ऐकू येतात. चांगले हेडफोन घ्या, शेजारीही दुवा देतील. भावाचा गिटारचा अ‍ॅम्प वापरू नका, मोठ्या आवाजात त्याचा स्पीकर फाटू शकतो.

आणि सर्वांत स्वस्त सामान: भांडी घासायच्या स्पंजची एक पट्टी, नवी कोरी हं. ब्रिजजवळ, म्हणजे बेसच्या अंगावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे, तारांखाली ती खोचली की सूर जुन्या गाण्यांसारखा 'डुम्' वाजून लगेच मिटतो. शंकर-जयकिशनच्या काळातली गाणी वाजवताना मी तेच करते. लोक विचारतात, आवाज बदलणारा कोणता पेडल.

अ‍ॅक्टिव्ह बेस (आत विजेवर चालणारं आवाजाचं सर्किट असलेला) असेल तर त्यात 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी असते, आणि केबल लावलेली राहिली की ती जळत राहते. हे मला सोसायटीच्या गणपतीत भर गाण्यात कळलं. आवाज आधी फाटला, मग गेला. आता बॅगेत सुटी बॅटरी असतेच.

पहिल्या ऑर्केस्ट्रात जाल तेव्हा एक गोष्ट आधीच बोलून घ्या. छोट्या ऑर्केस्ट्रात बहुतेक वेळा बेस गिटार नसते, कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस सांभाळतो, आणि ती सवय त्याच्या हाडात गेलेली असते. माझ्या पहिल्या रिहर्सलला मी वाजवतेय, तोही वाजवतोय, आणि दोन बेस एकमेकांच्या पायात पाय अडकवून पडतायत. तीन गाणी मी गप्प राहिले. चौथ्याला म्हटलं, "दादा, तुमचा डावा हात जरा बंद ठेवाल का?" त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बेसकडे पाहिलं, आणि पुढचं गाणं उजव्या हाताने वाजवलं. डाव्या हातात कटिंग होता.