कुत्र्याची अंघोळ आणि गोचिडाचं औषध: आधी काय काय तयार ठेवायचं

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की आमच्याकडे जळगाव-धुळ्याकडच्या घरांत गोचिडांचा त्रास जोर धरतो, आणि मग सगळे एकाच दिवशी कुत्र्याला अंघोळही घालतात आणि मानेवरचं औषधही टाकतात. तेवढं नका करू. मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं, शाम्पूने ते तेलच धुऊन गेलं तर औषधाला पसरायला काही उरत नाही. म्हणून अंघोळ आधी, मग दोन दिवस कोरडं, मग औषध, आणि त्यानंतरही दोन दिवस पाणी नाही, म्हणजे नदीत नाही, पाटात नाही, मळ्यात ठिबकच्या नळीखाली लोळणंसुद्धा नाही.

अंघोळ सकाळीच उरका, दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं. निंबाखाली किंवा ओट्यावर जागा बघा, पायाखाली गोणपाट टाका म्हणजे तो घसरणार नाही. कुत्र्याचाच शाम्पू घ्या, आपला नको, कपड्याचा साबण तर अजिबात नको. जुने टॉवेल दोन, कानात घालायला कापूस, बारीक दातांची फणी, आणि एक पांढरा ओला कागद. फणीतली काळी घाण त्या कागदावर दाबायची, लालसर डाग पसरला की ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पाणी टाकायच्या आधी मानेभोवती फेसाचा एक कडा करून घ्या, नाहीतर अंग भिजलं की पिसवा तोंडाकडे पळतात. औषधी शाम्पू असेल तर बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ फेस ठेवायचा, साधारण ५ ते १० मिनिटं, त्या वेळात तो अंग झाडणार म्हणून कोणीतरी धरायला हवंच. मग भरपूर पाण्याने काढा, बोअरच्या जड पाण्यात शाम्पू लवकर सुटत नाही.

गोचिडासाठी चिमटा आणि झाकणाच्या डबीत थोडं स्पिरिट. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बघा, रक्त प्यालेली मादी एरंडीच्या बीसारखी टम्म दिसते. कातडीला लागून पकडायची, सरळ ओढायची आणि डबीतल्या स्पिरिटमध्ये टाकायची. रॉकेल, काडी, चटके नकोत, आणि नखाने चिरडू तर नकाच.

औषध वजनावर ठरतं, म्हणून आधी वजन. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग आपलं वजन वजा करा. फिप्रोनिलची नळी १० किलोपर्यंत ०.६७ मिलीची, १० ते २० ला १.३४, २० ते ४० ला २.६८. पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं असेल तर ही नळी नाहीच. खांद्यांच्या मध्ये, जिथं त्याची जीभ पोचत नाही, तिथं केस बाजूला करून कातडी दिसली की टोक टेकवून नळी रिकामी करायची, केसांवर ओतली तर वाया गेली. घरात दोन कुत्रे असतील तर वाळेपर्यंत वेगळे बांधा, एकमेकांना चाटतात.

गोठ्यातलं गुरांचं औषध किंवा कपाशीच्या फवारणीतलं उरलेलं अंदाजाने कुत्र्याला लावणारे आहेत, हात जोडून सांगतो नका लावू, कुत्रा तोंडाला फेस येऊन थरथर कापतो आणि जीवही जातो. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध तिच्या जवळपास आणायचं नाही, तिच्या शरीराला ते पचवता येत नाही.

आणि घराची तयारी त्याच आठवड्यात. गोचिडाची मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून धाब्याच्या घराच्या भेगा, बाजेच्या दोऱ्या, गोठ्याचे कोपरे झाडून काढा, फटी बुजवा, कुत्र्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. पुढच्या डोसची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, साधारण महिन्याने.

हे सगळं करूनही कुत्रा जेवण सोडत असेल, अंग तापलेलं असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा नाकातून रक्त आलं, तर वाट बघू नका, त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला सांगा, गोचिडतापात प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, झपाट्याने कमी होतात.