कवितेच्या ग्रुपवर किती राहावं, काय टाकावं, कधी निघावं

सोमवारी अष्टाक्षरी (ओळीत आठच अक्षरं), मंगळवारी चित्रकाव्य (दिलेल्या चित्रावरून कविता), बुधवारी दिलेल्या ओळीवरून कविता, शनिवारी गझल, आणि रात्री परीक्षकांकडून आलेलं रंगीत ई-प्रमाणपत्र. व्हॉट्सअॅपवरच्या कवितासमूहांत वर्ष-दोन वर्षं रमलेल्यांना ही दिनचर्या सांगायला नको. हे टिपण त्यांच्यासाठीच आहे.

पहिलं वर्ष ग्रुपला मनसोक्त द्यावं. लघु-गुरू मोजणं (लघु म्हणजे एका मात्रेचं अक्षर, गुरू दोन मात्रांचं), गझलेत काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच परत येणारा शब्द) आणि अलामत (यमकाआधीचा सारखा स्वर) सांभाळणं, देवप्रिया (गालगागा गालगागा गालगागा गालगा; ‘गा’ गुरू, ‘ल’ लघु) आणि व्योमगंगा (गालगागा चार वेळा) या वृत्तांतला फरक कानाला कळणं, या गोष्टी रोजच्या सरावानेच अंगी लागतात. जाणकार मंडळी फुकटात चुका दाखवत असतील तर ती संधी सोडू नये. मात्र दुसऱ्या वर्षीही तेच वेळापत्रक चालू राहिलं की हात सफाईदार होतो आणि कविता पातळ होते.

याचं कारण कारागिरीतच आहे. अष्टाक्षरीत अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं, हा नियम रात्री नऊच्या मुदतीत पाळायचा म्हटलं की भरीचे शब्द येतात: मनी, अंतरी, सदा, खास, जणू, गं, रे. गेल्या महिन्यातल्या दहा रचना काढा आणि हे शब्द पेन्सिलीने खोडा. खोडूनही अर्थ जागचा हलत नसेल, तर ती ओळ आठ अक्षरांची नव्हतीच, पाच-सहा अक्षरांची होती. दुसरा दोष लयीचा. ‘आभाळाच्या आरशात’ आणि ‘अवचित सर पडे’ या दोन्ही ओळींत अक्षरं आठच, पण पहिलीत मात्रा चौदा, दुसरीत नऊ. एकाच कडव्यात अशा ओळी शेजारी आल्या की वाचणारा लंगडतो. परीक्षक अक्षरं मोजून ‘सर्वोत्कृष्ट’ देतात, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो.

दाद आणि वाचन यांत गल्लत होऊ देऊ नका. ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’, दोन फुलं आणि जोडलेले हात ही बहुतेक वेळा परतफेड असते. तुम्ही काल त्यांना दिलेली असते. ‘कशी वाटली?’ विचारलं की असंच उत्तर येणार. त्यापेक्षा नेमकं विचारा: तिसऱ्या कडव्यातली ‘ती’ म्हणजे आई की नदी, हे कळतं का? शेवटच्या दोन ओळी काढल्या तर काही कमी होतं का? याहून खात्रीचा उपाय म्हणजे कुणाला तरी तुमची कविता मोठ्याने वाचून तिचा व्हॉइस मेसेज पाठवायला सांगणं. काहीही समजावून न सांगता. जिथे वाचणारा अडखळतो, परत मागे जातो, चुकीच्या शब्दावर जोर देतो, तिथे काम बाकी आहे. यासाठी तीनशे सदस्य लागत नाहीत, तिघे-चौघे पुरतात. त्यात एक छंद-वृत्ताचा पक्का असावा आणि एक कविता न लिहिणारा. अभिप्राय आल्यावर दोन दिवस उत्तर देऊ नका. ‘मला असं म्हणायचं होतं’ हे सांगायची ऊर्मी आली की ते कवितेत आलेलं नाही, एवढं समजावं.

लिहिलेल्या चारांपैकी एखादीच कविता ग्रुपवर टाका, आणि तीही आधी वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये तारखेसह लिहून. थेट चॅटमध्ये टाइप करणाऱ्यांच्या कविता हरवतात, कारण ॲडमिनने संदेश आपोआप पुसण्याची मुदत ठेवलेली असते: २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. पाठवलेला संदेश दुरुस्त करायला १५ मिनिटंच मिळतात. सोळाव्या मिनिटाला लक्षात आलेली ऱ्हस्व-दीर्घाची चूक फॉरवर्ड होत फिरते, पुष्कळदा खालचं नाव गळून. मासिकाकडे किंवा दिवाळी अंकाकडे पाठवायच्या कविता ग्रुपवर टाकूच नयेत. बरेच संपादक अप्रकाशित साहित्य मागतात, आणि शेकडो जणांच्या समूहात फिरलेली कविता अप्रकाशित मानायची का, यावर त्यांच्यात एकमत नाही. एका वेळी तीन ते पाच कविता एकाच ठिकाणी पाठवाव्यात आणि उत्तर येईपर्यंत त्या दुसरीकडे देऊ नयेत.

आता जुन्या कविता बाहेर काढणं. ग्रुप उघडून मेनूत ‘चॅट एक्सपोर्ट’ निवडा, मीडिया नको म्हणा, येणारी मजकुराची फाइल स्वतःला ईमेल करा. मोठ्या ग्रुपचा सगळा इतिहास एका फाइलमध्ये मावत नाही. फक्त अलीकडचे संदेश येतात, म्हणून हे दर तीन-चार महिन्यांनी करावं. ॲडमिनने चॅटची वाढीव गोपनीयता चालू केली असेल तर एक्सपोर्ट होत नाही. अशा वेळी ग्रुपमध्ये शोध घेऊन एकेक कविता कॉपी करणं भाग आहे. फाइलमध्ये प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला तारीख, वेळ आणि नाव असतं. आपलं नाव शोधत पुढे जा. फुलांच्या चित्रावर अक्षरं छापून टाकलेल्या कविता या फाइलमध्ये नसतात, त्या चित्रावरून पुन्हा टाइप करा. ठळक अक्षरांसाठी टाकलेल्या फुल्या काढा. मग ‘र्या’ शोधा: ‘दुसर्या’, ‘वार्यावर’ अशी रूपं सापडतील, ती ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ करा. सगळी एकदम बदलू नका, नाहीतर ‘पर्याय’ आणि ‘सूर्या’चा विचका होईल. छापखान्यात युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलतानाही हाच ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ आधी बिघडतो, म्हणून प्रूफ वाचताना त्यांच्यावर नजर ठेवावी. फाइलमध्ये इतरांच्याही कविता आहेत, ती पुढे पाठवू नये.

काढलेल्या कविता तीन आठवडे बंद ठेवा. मग विषय, चित्र, दिलेली ओळ यांपैकी काहीही समोर न ठेवता वाचा. चित्र पाहिल्याशिवाय कळत नसेल ती बाद. महिला दिन, पितृदिन, पहिला पाऊस यांवर मागणीनुसार लिहिलेल्यांपैकी फार थोड्या उरतात. तरही गझल म्हणजे दिलेल्या ओळीवरून लिहिलेली गझल, तिच्यातला तो मिसरा (ओळ) दुसऱ्याचा असतो. संग्रहात घेताना तो अवतरणात ठेवून मूळ कवीचं नाव द्यावं, किंवा तो शेर (दोन ओळींची जोडी) वगळावा, आणि तो मतला म्हणजे पहिलाच शेर असेल तर नव्याने लिहावा. शेर वगळायला कवी तयार होत नाहीत, कारण त्यालाच सगळ्यात जास्त दाद आलेली असते.

संग्रहाचा हिशेब फर्म्यात करा. फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा. सोळा पानांचा एक फर्मा, पाच फर्म्यांची ८० पानं. त्यातली दहाएक पानं शीर्षक, अर्पण, मनोगत, अनुक्रमणिका यांत जातात, उरतात सत्तर. म्हणजे पानाला एक कविता धरली आणि दीडशे साठल्या असतील तर निम्म्याहून जास्त गळायलाच हव्यात.

ग्रुपमधल्या अनेकांच्या कविता एकत्र घेणाऱ्या प्रातिनिधिक संग्रहात पानामागे पैसे मागितले जातात. देण्याआधी लेखी विचारा: प्रती किती, तुम्हाला किती मिळणार, उरलेल्या विकत घ्याव्या लागणार का, आणि कविता पुढे स्वतःच्या पुस्तकात घ्यायची मुभा आहे का. ‘आयएसबीएनसह’ या शब्दाला भुलू नये. भारतात हा पुस्तकाचा ओळखक्रमांक राजा राममोहन राय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि त्याचा दर्जाशी संबंध नाही. स्वामित्वहक्क १९५७च्या कायद्यानुसार कविता लिहिली त्या क्षणीच तुमचा होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. पण वाद झाला तर तारीख दाखवता यायला हवी, म्हणून पक्का खर्डा स्वतःला ईमेल करून ठेवावा.

दोन-तीन वर्षांनी तुम्हालाच परीक्षक व्हायची विनंती येईल. स्वीकारायची तर आठवड्यातून एक दिवस, एका वेळी वीसपेक्षा जास्त रचना नाहीत आणि त्या ग्रुपच्या स्पर्धेत स्वतः उतरायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या. नुसतं क्रमांक लावणं नको. प्रत्येकाला एक सुटलेली मात्रा किंवा एक भरीचा शब्द दाखवा. रुसणारे रुसतील.

निघायचंच असेल तर निरोपाची कविता टाकू नका, तिच्यावरही शंभर फुलं पडतील आणि तुम्ही थांबाल. आधी कायमचं म्यूट करून ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका. महिनाभरात एकदाही उघडावासा वाटला नाही तर बाहेर पडा. हल्ली ते फक्त ॲडमिनला कळवलं जातं. वृत्तात अडलात तर ज्यांना विचारायचं त्या दोघा-तिघांचे नंबर मात्र आधी जतन करा.