थंडीत गाडी का घसरते? टायरच्या बाबतीत या चुका टाळा

दोन हिवाळ्यांपूर्वी, डिसेंबरात, सकाळी सव्वासहाला नागपुरात सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना एका साध्या वळणावर माझ्या दुचाकीचं मागचं चाक सटकलं. वेग तिशीच्या आसपास, रस्ता कोरडा, रेती नाही. घरी सगळ्यांनी धुक्याला दोष दिला. धुकं नव्हतंच. दुपारी पंक्चरवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, "नक्षी तर भरपूर आहे." त्यानं अंगठ्याचं नख टायरमध्ये रुतवायचा प्रयत्न केला, ते रुतलं नाही. "नक्षी नका पाहू भाऊ, टायर वाळला हाये," म्हणाला.

पहिली चूक हीच. आपण नक्षीची खोली पाहतो, टायरचं वय पाहत नाही. आपल्याकडे थंडी म्हणजे पारा १०-१२ अंशांवर येतो, क्वचित आणखी खाली (२९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ पर्यंत गेला होता). चांगल्या टायरला एवढ्या थंडीचं काही वाटू नये. पण आपला टायर त्याआधी काही उन्हाळे ४५ अंशांत, तापलेल्या सिमेंट रस्त्यावर आणि उघड्या पार्किंगमध्ये भाजून निघालेला असतो. ऊन आणि उष्णतेनं रबर हळूहळू कडक होत जातं. मे महिन्यात रस्ताच इतका तापलेला असतो की तेच रबर मऊ पडून धकून जातं. थंडी पडली की त्याचं खरं रूप दिसतं. रबर रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत दाबलं जाऊन पकड धरतं, आणि कडक रबर नुसतं वरून सरकतं.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. '३२२१' म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. पाच वर्षं उलटली असतील तर नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि बाजूला बारीक भेगा शोधा. भेगा दिसल्या की नक्षी कितीही उरलेली असो, तो टायर काढा. कमी फिरणाऱ्या गाड्यांना हा धोका जास्त. निवृत्त वडिलांची वर्षाला हजार किलोमीटर चालणारी गाडी बाहेरून नवीकोरी दिसते, आणि टायर लाकडासारखा झालेला असतो.

हवेचा गोंधळ दुसरा. दुपारी दोनला, दहा किलोमीटर चालवून, पंपावर मागच्या चाकात २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून घेतली असं समजा. तेव्हा टायरमधली हवा ४० अंशांच्या घरात असते. दुसऱ्या दिवशी पहाटे १० अंशांत तोच आकडा २४ च्या आसपास येतो. आपल्या दुचाकीच्या टायरमध्ये दर सात-आठ अंशांना साधारण १ पीएसआय उतरतो. मग सकाळी गाडी वळणावर जड वाटते, हँडल स्वतःहून आत ओढल्यासारखं होतं, आणि आपण म्हणतो थंडीनं हात आखडले. (तेही असतंच, हातमोजे घाला. आखडलेल्या बोटांनी ब्रेक एकदम दाबला जातो.) हवा सकाळी, गाडी घराजवळच्याच पंपावर नेऊन बघा. किती हवी ते चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं, मागे कोणी बसणार असेल तर आकडा वेगळा.

"थंडीत पकड वाढावी म्हणून हवा थोडी कमी ठेवावी" हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. ठरल्यापेक्षा कमी हवेत टायर डोलतो, कडा लवकर झिजतात आणि खड्ड्यात रिमला मार बसतो.

सिग्नल सुटल्यावर गाडी डावी-उजवी नागमोडी नेऊन 'टायर गरम' करणारी पोरंही दिसतात. रेसच्या गाड्यांचं बघून आलेलं हे खूळ. टायर गरम होतो तो दबून-सुटून, म्हणजे सरळ रेषेत बेताचा वेग घेण्यानं आणि ब्रेक लावण्यानं. नागमोडीनं फार तर थंड टायरवर गाडी झुकते, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. शहरातल्या तीन-चार किलोमीटरच्या फेरीत तर टायर गरम व्हायला वेळच मिळत नाही, ती अख्खी फेरी थंड टायरचीच समजा. रामटेकला किंवा कोंढाळीकडे निघालेल्यांची वेगळीच फसगत होते. वाटेत तर्री-पोहे, चहा, गप्पा, पाऊण तास जातो, आणि नंतर लोक आधीच्याच भरवशावर वळण घेतात. टायर तोवर पुन्हा थंड पडलेला असतो.

पहाटे दव पडलेलं असतं तेव्हा झेब्राचे पांढरे पट्टे, गटाराची झाकणं आणि उड्डाणपुलावरचे लोखंडी सांधे, हे तिन्ही सरळ ओलांडा. त्यांच्यावर ना ब्रेक, ना झुकणं.

आता लक्षणांवरून ओळखायचं तर: गिअर खाली टाकताच मागचं चाक झटका देऊन सरकत असेल, तर बहुतेक टायरचा दोष नसतो. क्लच हळू सोडा, एकेक गिअर खाली या. गाडी वळणात आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते, तर टायरचा मधला भाग सपाट झालाय. वर्धा रोडसारख्या सरळ रस्त्यावर रोज जाणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं, यावर टायर बदलण्याशिवाय उपाय नाही. आणि नवा टायर घालूनही घसरत असेल, तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, त्याचा वरचा गुळगुळीत थर झिजायचा असतो. गाडी धुणाऱ्याला टायरवर पॉलिश मारू देऊ नका. बाजूला लावलेलं तेलकट पॉलिश नक्षीवर उतरलं, तर नवा टायरही दगा देतो.

माझ्या त्या टायरवर आकडे होते '१४१६'. गाडी सेकंडहँड घेताना मी इंजिनचा आवाज दोनदा ऐकला होता, टायरकडे वाकून पाहिलंही नव्हतं.