रेल्वेचा शेअर घ्यायचाय? आधी कंपनी कमावते कशावर ते बघा

बजेट जवळ आलं की सगळीकडे एकच, रेल्वेचे शेअर उचला, कॅपेक्स (नवे मार्ग, डबे, इंजिनं यांवरचा भांडवली खर्च) वाढणारे. पण भारतीय रेल्वे स्वतः बाजारात लिस्टेड नाहीच ना, ते सरकारी खातं आहे, आपण घेतो त्या तिच्या आजूबाजूच्या कंपन्या, आणि त्यांचे धंदे एकमेकांपासून कोसभर लांब आहेत.

म्हणून आधी अ‍ॅन्युअल रिपोर्ट उघडून पैसा येतो कुठून ते बघायचं. आयआरसीटीसी म्हणजे ऑनलाइन तिकिटावरची कन्व्हिनियन्स फी, केटरिंग, टूर, रेल नीर. आयआरएफसी तर सरळ फायनान्स कंपनी आहे, बाजारातून कर्ज उचलते, त्यातून इंजिनं-डबे घेऊन रेल्वेला लीजवर देते आणि वर ठरलेलं मार्जिन घेते, अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. तिने रेल्वेत घातलेले पैसे बुडायची भीती जवळपास नाही पण नफा एकदम दुप्पट होईल असंही काही नाही, त्यामुळे तिचा भाव बुक व्हॅल्यूशी (मालमत्तेतून देणी वजा करून एका शेअरमागे उरतं ते) ताडून बघा. आरव्हीएनएल आणि इरकॉन बांधकामवाले, राइट्स मुख्यतः कन्सल्टन्सी. टिटागढ, ज्युपिटर वॅगन्स या खासगी, वॅगन बनवतात (पुणे मेट्रोचे डबे टिटागढचेच).

आता खरी मेख. सरकारी कंपन्यांमध्ये मालक सरकार आणि मोठं गिऱ्हाईकही सरकारच, भाव ठरवणारंही तेच. 28 ऑक्टोबर 2021 ला संध्याकाळी बातमी आली की आयआरसीटीसीने कन्व्हिनियन्स फीतला अर्धा वाटा रेल्वेला द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर 25 टक्क्यांहून जास्त आपटला, आणि त्याच दिवशी सरकारने निर्णय मागेही घेतला! कंपनीच्या धंद्यात त्या रात्रीत काहीच बदललं नव्हतं. ही रिस्क कुठल्या रेशोत दिसत नाही, त्यामुळे पीई (शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा) काढताना थोडा डिस्काउंट स्वतःच धरा. कॉनकॉर या सरकारी कंटेनर वाहतूक कंपनीत हाच खेळ रेल्वेच्या जमिनीच्या भाड्यावरून झालाय.

बांधकामवाल्यांची ऑर्डर बुक, म्हणजे हातात असलेल्या पण अजून पूर्ण न झालेल्या कामांची रक्कम, बघून लोक हुरळतात. ऑर्डर बुकला वर्षाच्या विक्रीने भागा म्हणजे किती वर्षांचं काम हातात आहे ते कळतं, पण तिथे थांबू नका. आरव्हीएनएलला आधी कामं रेल्वेकडून नॉमिनेशनवर, म्हणजे बिनटेंडरची मिळायची, आता टेंडर भरून स्पर्धेत घ्यावी लागतात, आणि टेंडर जिंकायचं तर मार्जिन सोडावं लागतं. म्हणून ऑर्डर बुकमध्ये नॉमिनेशनचं किती आणि टेंडरचं किती ते कॉनकॉलमध्ये (निकालानंतर कंपनी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते त्यात) शोधा, आणि येणं किती दिवस अडकतंय, ऑपरेशन्समधून कॅश खरंच येतेय का ते तीन-चार वर्षांचं एकत्र बघा. नफा कागदावर आणि कॅश मायनस असेल तर मी तरी लांब राहतो.

वॅगनवाल्यांचं वेगळंच दुखणं. 2022 मध्ये टिटागढला रेल्वेची 24,177 वॅगनची ऑर्डर मिळाली, पण चाकं लागतात ती बऱ्याच अंशी रेल्वेच्याच कारखान्यातून येतात, चाकं नाहीत तर वॅगन उभ्या. म्हणून दर तिमाहीला किती वॅगन बाहेर पडल्या तो आकडा बघायचा.

कॅपेक्सचं म्हणाल तर 2023-24 ला बजेटमधून 2.40 लाख कोटी, 2024-25 ला 2.52 लाख कोटी आणि 2025-26 ला पण 2.52 च. रक्कम प्रचंड, पण 2025-26 ला वाढ थांबली होती, आणि शेअर पळतो तो वाढीवर. आरव्हीएनएल 2019 ला 19 रुपयाला आला, जुलै 2024 मध्ये 600 च्या वर गेला आणि पुढच्या आठ-नऊ महिन्यांत जवळपास निम्म्यावर आला. तेव्हा आजचा पीई कंपनीच्या स्वतःच्या जुन्या पीईशी ताडा, शेजारच्या कंपनीशी नको.

आणि सरकारचा हिस्सा तपासा. सेबीच्या नियमाने 25 टक्के तरी पब्लिककडे हवेत, आयआरएफसीत सरकारकडेच बरीच वर्षं 86 च्या वर होते. अशा ठिकाणी ओएफएस (सरकार स्वतःचे शेअर बाजारात विकतं तो) कधीही येऊ शकतो आणि तोही बहुतेकदा बाजारभावापेक्षा स्वस्तात, त्यामुळे सगळे पैसे एकदम घालू नका, थोडे त्या दिवसासाठी ठेवा.