सॅव्हानातला लवकर येणारा मका: कुठला हायब्रीड दरवर्षी टिकेल हे कसं तपासायचं

नायजेरियाच्या उत्तरेला कानो, झारिया पट्ट्यात पाऊस जूनच्या आसपास धरतो आणि सप्टेंबरनंतर कधीही दगा देतो, म्हणून ९०-९५ दिवसांत निघणारा मका लागतो. पण एका साली एका शेतात पहिला आला म्हणून हायब्रीड निवडणं मला अजिबात पटत नाही, शेतकऱ्याच्या घरात दाणा दरवर्षी यायला हवा ना.

सगळ्यात आधी जागा. कानोकडचा कोरडा सुदान सॅव्हाना (सॅव्हाना म्हणजे विरळ झाडांचा गवताळ पट्टा), झारियाचा गिनी सॅव्हाना, खाली मोक्वा, अशा वेगवेगळ्या पावसाच्या ठिकाणी तेच हायब्रीड, तीन रिप्लिकेशन (म्हणजे प्रत्येक ठिकाणी तोच हायब्रीड तीन वेगळ्या प्लॉटमध्ये), निदान दोन हंगाम. सोबत शेतकरी आज लावतात तो वाण चेक म्हणून हवाच, नाहीतर तुलना कशाशी करणार?

दुष्काळ मात्र आपल्या सोयीने पडत नाही, तो मुद्दाम आणावा लागतो. इबादानच्या आयआयटीए या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेचे संशोधक दक्षिणेत इकेनेला कोरड्या हंगामात पेरतात आणि लवकर येणाऱ्या मक्याचं पाणी साधारण २८ दिवसांनी तोडतात, पुढे पीक जमिनीतल्या ओलीवरच. शेजारी पूर्ण पाण्याचा ब्लॉक ठेवा.

आता खरी मेहनत, फुलोरा. रोज सकाळी प्लॉटमध्ये फिरून निम्म्या झाडांच्या तुऱ्यातून परागकण कधी पडायला लागले आणि निम्म्या कणसांना केसर, म्हणजे टोकाचे रेशमी धागे, कधी आलं हे लिहायचं. ताणात केसर मागे पडतं, तोवर पराग संपतो, कणसात दाणेच भरत नाहीत. हे अंतर दोन-तीन दिवसांचं असेल तर हायब्रीडमध्ये दम आहे, आठवड्यावर गेलं तर माझ्या दृष्टीने तो बाद. झाडामागे कणसं किती आणि खालची पानं किती वाळली हेही बघा.

इथे एक फसगत होते, नीट लक्ष द्या: नुसता लवकर आलेला हायब्रीड शेवटच्या दुष्काळातून निसटतो, म्हणजे त्याला ताण सोसतो असं नाही, मधला पावसाचा खंड फुलोऱ्यात सापडला की तो पण झोपतो. म्हणून सारख्या दिवसांत येणारेच एकमेकांशी तोला. स्ट्रायगा, म्हणजे मुळांतून रस शोषणारं ते जांभळ्या फुलांचं तण, प्लॉटमध्ये उगवलं तर मोजून नोंदवा, नाहीतर त्याचा दोष दुष्काळावर जातो.

काढणीला दाण्याची ओल मोजल्याशिवाय वजनाला अर्थ नाही. समजा ४ मीटरच्या दोन ओळी, ७५ सेंमी अंतर, म्हणजे ६ चौरस मीटर, आणि २.४ किलो दाणे २० टक्के ओलीचे. १५ टक्क्यांवर आणायला ८० ला ८५ ने भागून गुणा, २.२६ किलो येतात, म्हणजे हेक्टरी साधारण ३.८ टन.

शेवटी स्थिरता. १९६६ ची एबरहार्ट-रसेल पद्धत सोपी आहे: प्रत्येक ठिकाणच्या सरासरीपुढे हायब्रीडचं उत्पादन मांडायचं, उतार (ठिकाण चांगलं असेल तसं उत्पादन किती वाढतं तो) १ च्या जवळ आणि रेषेपासून विचलन कमी हवं. जीजीई बायप्लॉट, म्हणजे हायब्रीड आणि ठिकाणं एकत्र दाखवणारा आलेखही काढा, कुठला कुठे चालतो ते चित्रात दिसतं. पण सगळीकडे सारखंच कमी देणारा हायब्रीडही स्थिरच दिसतो, त्यामुळे ज्यांची सरासरी चेकच्या वर आहे त्यांच्यातूनच स्थिर असलेला निवडा आणि पुढच्या हंगामात शेतकऱ्यांच्या शेतात, त्यांच्याच खतपाण्यावर लावून बघा.